वैमानिकाची प्रयोगशाळा : चार्ल्स लिंडबर्ग

गणेशोत्सवातील रक्तदान शिबिर आता आपल्या मंडळाच्या आरतीइतकेच ठरलेले आहे. गेल्या वर्षी शिबिराच्या दिवशी रक्तपेढीत काम करणाऱ्या आपल्यातल्याच एका भगिनीने जमलेल्या मुलांना दिलेल्या रक्ताचे पुढे काय होते ते समजावून सांगितले. रक्त वेगाने फिरवून त्याचे भाग वेगळे करतात. काही रुग्णांसाठी तर त्यातील तांबड्या पेशी धुवूनही द्याव्या लागतात. धुणे हा शब्द ऐकताच मुले हसली. एका चिमुरडीने विचारले, की रक्त धुताना पेशी फुटत नाहीत का? तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो आणि आम्हाला एक अगदी अनपेक्षित नाव सापडले. ते नाव डॉक्टरचे नव्हते, रसायनशास्त्रज्ञाचेही नव्हते, ते होते एका वैमानिकाचे. अटलांटिक महासागर एकट्याने, कोठेही न थांबता विमानातून ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग. आमच्या वडीलधाऱ्यांना हे नाव त्या उड्डाणामुळे ठाऊक होते. त्यांच्या आयुष्यातील प्रयोगशाळेचे पान मात्र आमच्यापैकी कोणीच वाचलेले नव्हते. ते यंदाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आजोबांचे तळघर

४ फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी चार्ल्सचा जन्म झाला. बालपण गेले मिनेसोटा राज्यातील लिटल फॉल्स या गावी, मिसिसिपी नदीच्या काठच्या घरात. वडील वकील होते आणि १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे अमेरिकेच्या संसदेचे सभासद होते. आई रसायनशास्त्राची शिक्षिका. आई-वडिलांचे फारसे पटत नसे, ती दोघे बहुतेक वेगळीच राहत. त्यामुळे मुलाची सतत गावे बदलत, शाळा बदलत, आणि कोठेही सवंगडी टिकत नसत. तो अबोल झाला आणि यंत्रांत रमू लागला.

त्याचे आवडते ठिकाण म्हणजे डेट्रॉइटचे आजोळ. आईचे वडील चार्ल्स लँड हे दंतवैद्य. किडलेल्या दातावर पोर्सिलेनची टोपी बसवण्याची पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या घराच्या तळघरात भट्टी होती, रसायने होती, नाना प्रकारची हत्यारे होती. नातू तासन् तास तेथे बसे. एखादी वस्तू बाजारात मिळत नसेल तर ती आपण घडवायची आणि ती नीट बसेपर्यंत पुन्हा पुन्हा घासायची, हा संस्कार त्याच्यावर तेथे झाला. आपल्याकडे सोनाराच्या पेढीवर बसणाऱ्या नातवावर होतो तसाच.

कॉलेजात मात्र मन लागले नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील इंजिनिअरिंगचा अभ्यास १९२२ मध्ये अर्धवट सोडून त्यांनी विमान चालवण्याचे शिक्षण घेतले. मग गावोगावच्या जत्रांत विमानाच्या कसरती, काही काळ सैन्यात प्रशिक्षण आणि १९२६ पासून सेंट लुईस ते शिकागो अशी टपालाची विमानसेवा.

न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर न थांबता उडून जाणाऱ्यास २५,००० डॉलरचे बक्षीस तेव्हा जाहीर झालेले होते. इतरांनी मोठी, अनेक इंजिनांची विमाने बांधली. लिंडबर्ग यांनी उलटा विचार केला. जे नसले तरी चालेल ते सगळे काढून टाकायचे. एकच इंजिन, एकच माणूस. रेडिओ नाही, पॅराशूट नाही, बसायला वेताची खुर्ची. इंधनाची टाकी इतकी मोठी, की समोरचे दिसेना, म्हणून पुढे पाहायला पेरिस्कोप. २० मे १९२७ रोजी सकाळी ते न्यूयॉर्कजवळून निघाले आणि साडेतेहतीस तासांनी, २१ मेच्या रात्री, पॅरिसच्या विमानतळावर उतरले. अंतर सुमारे ५,८०० किलोमीटर. पंचवीस वर्षांचा टपाल वाहणारा तरुण एका रात्रीत साऱ्या जगाचा लाडका झाला.

जे नको ते काढून टाका, म्हणजे जे हवे ते सुखरूप पोहोचेल, ही त्यांची रीत वाचकांनी लक्षात ठेवावी. प्रयोगशाळेतही त्यांनी तेच केले.

थोरल्या मेहुणीचे हृदय

मे १९२९ मध्ये त्यांचे लग्न ॲन मॉरो यांच्याशी झाले. ॲन यांचे वडील मेक्सिकोतील अमेरिकेचे राजदूत होते. ॲन पुढे स्वतः उत्तम लेखिका झाल्या. त्यांची थोरली बहीण एलिझाबेथ ही हुशार आणि उत्साही मुलगी. लहान मुलांसाठी काही करावे ही तिची तळमळ. १९३० मध्ये तिने न्यू जर्सीतील एंगलवूड येथे बालकांची शाळा सुरू केली. पण ऱ्हुमॅटिक तापाने तिच्या हृदयाची झडप बिघडलेली होती. हा आजार आपल्याकडच्या कितीतरी घरांनी पाहिलेला आहे. सांधे दुखून ताप येतो, ताप जातो आणि हृदयावर कायमची खूण ठेवतो. त्या वेळी पेनिसिलिन औषध म्हणून हाती आलेले नव्हते. विश्रांती घ्या, जिने चढू नका, यापलीकडे डॉक्टर काही सांगू शकत नव्हते.

लिंडबर्ग यांनी डॉक्टरांना विचारले, की झडप बिघडली आहे तर उघडून दुरुस्त का करीत नाही? इंजिनातील झडप बिघडली तर आम्ही इंजिन थांबवतो आणि ती बदलतो. उत्तर मिळाले, की हृदय थांबवता येत नाही. ते थांबले की काही मिनिटांत मेंदू जातो. मग त्यांनी पुढचा प्रश्न केला, तेवढा वेळ रक्त फिरवणारा एखादा पंप का नसावा? यावर त्या डॉक्टरांकडे उत्तर नव्हते. भूल देणाऱ्या एका डॉक्टरांनी, पॅल्युएल फ्लॅग यांनी, त्यांना ज्याच्याकडे उत्तर असू शकेल अशा माणसाकडे नेले. नोव्हेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लिंडबर्ग आणि डॉ. अलेक्सी कॅरेल यांची भेट झाली.

कॅरेल मूळचे फ्रान्समधील लिऑनचे. १८९४ मध्ये त्या शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर सुऱ्याने वार झाला. कापलेली रक्तवाहिनी शिवणे त्या काळी कोणाला जमत नव्हते, म्हणून ते दगावले. तरुण कॅरेल यांच्या मनाला ही गोष्ट लागली. ते भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे गेले, बारीक सुई आणि रेशमी धागा चालवायला शिकले आणि रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत त्यांनी बसवली. या कामासाठी १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. कोंबडीच्या पिलाच्या हृदयाच्या तुकड्यापासून काढलेल्या पेशी त्यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काचपात्रात वाढवल्या जात होत्या. त्या पेशी ठरावीक दिवसांनी धुवाव्या लागत, त्यांना नवे पोषक द्रव्य द्यावे लागे. धूळ आणि जंतू टाळण्यासाठी तेथील लोक काळे झगे आणि काळ्या टोप्या घालून काम करीत. त्या पेशी अमर असल्याचा दावा पुढे टिकला नाही. साध्या पेशी ठरावीक वेळाच विभागतात, हे नंतर सिद्ध झाले. परंतु शरीराबाहेर जिवंत पेशी सांभाळण्याचे तंत्र त्या काळी कॅरेल यांच्याइतके क्वचितच कोणाला अवगत होते.

कॅरेल यांनी वैमानिकाला आपल्या अडचणी दाखवल्या. सबंध अवयव शरीराबाहेर जिवंत ठेवायचा तर त्यातून द्रव सतत खेळवावा लागतो. पण जो पंप लावावा त्यात जंतू शिरत, आणि दोन-चार दिवसांत सगळे नासे. रक्त वापरावे तर ते गोठे, किंवा पंपाच्या धक्क्याने त्यातील पेशी फुटत. लिंडबर्ग यांनी यंत्रे पाहिली आणि हे काम आपण करून पाहतो असे सांगितले. पगार घेतला नाही, पदवी नव्हती. रात्री-अपरात्री ते प्रयोगशाळेत येत, कारण दिवसा बातमीदार पाठीशी असत. इन्स्टिट्यूटमधील काच फुंकणारे कसबी कारागीर ऑटो हॉप्फ यांच्याकडून एकेक भाग बनवून घेत. पहिल्या यंत्राचा दाब कमी पडला. त्याचे वर्णन १९३१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले, पण त्यावर लिंडबर्ग यांचे नाव नव्हते. नावाचा त्यांना वीट आलेला होता.

पेशी धुण्याची गोष्ट

आता आपल्या चिमुरडीच्या प्रश्नाकडे येऊ.

रक्तातील तांबडी पेशी एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने मोजली तर सात-आठ भाग रुंद असते. एका घन मिलिमीटर रक्तात अशा सुमारे पन्नास लाख पेशी असतात. साध्या पाण्यात टाकली तर ती पाणी पिऊन फुगते आणि फुटते. म्हणून तिला धुवायचे तर शेकडा ०.९ मीठ असलेल्या पाण्यातच धुवावे लागते. तेही जपून, कारण तिचे कवच म्हणजे नुसता एक पातळ पापुद्रा.

धुण्याची जुनी पद्धत आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखीच. नैवेद्याचे तांदूळ आपण धुतो तेव्हा पाणी घालतो, हाताने ढवळतो, तांदूळ खाली बसू देतो, वरचे पाणी ओततो. असे तीनदा. प्रयोगशाळेत पेशी आपणहून खाली बसायला फार वेळ लागतो, म्हणून नळी गरगर फिरवतात. पाण्याची बादली हात लांब करून फिरवली तर पाणी तळाशी दाबून राहते, सांडत नाही. तसेच फिरत्या नळीत पेशी तळाशी जाऊन दाबून बसतात. मग वरचे पाणी ओतायचे, नवे घालायचे, ढवळायचे, पुन्हा फिरवायचे. पण नवे तांदूळ जोराने चोळले तर त्यांची कणी होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पेशींचेही तसेच होते. तळाशी एकीवर एक दाबल्या जातात, ढवळताना ओरखडतात, काही फुटतात. शिवाय दर खेपेला झाकण उघडले की जंतूंना दार मोकळे.

लिंडबर्ग यांनी यावर जो उपाय काढला त्याचे तत्त्व सोपे आहे. पेशींना तळाशी बसूच द्यायचे नाही.

जत्रेत मुलांसाठी एक खेळणे मिळते. वाकडी नळी, तिच्या टोकाला छोटी वाटी आणि वाटीत हलका गोळा. हळूहळू फुंकर घातली की गोळा वर उचलला जातो आणि अधांतरी तरंगत राहतो. फुंकर जोराची झाली तर गोळा उडून जातो, कमी झाली तर खाली पडतो. नेमकी फुंकर हवी. पेशींसाठी हेच करायचे. भांडे फिरते ठेवायचे, म्हणजे पेशी बाहेरच्या बाजूला ओढल्या जातील. त्याच वेळी स्वच्छ द्रव बाहेरच्या टोकाकडून आत, मध्याकडे सोडायचा. फिरण्याचा जोर पेशीला बाहेर ओढतो, येणारा प्रवाह तिला आत ढकलतो. दोन्ही जोर सारखे झाले की पेशी मध्येच तरंगत राहते. ना ती तळाशी दाबली जाते, ना वाहून जाते. तिच्या अंगावरून स्वच्छ द्रव वाहत राहतो आणि जुना, मळका द्रव निघून जातो. ढवळणे नाही, ओतणे नाही, दर खेपेस झाकण उघडणे नाही. विमानातून रेडिओ आणि पॅराशूट काढणाऱ्या माणसाने धुण्याच्या कामातून धक्का काढून टाकला.

तरंगत्या पेशी धुण्याची ही पद्धत सांगणारा त्यांचा लहानसा, जेमतेम दोन पानांचा लेख एप्रिल १९३२ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. या वेळी त्यावर त्यांचे नाव होते.

तारीख पाहिली आणि आम्ही थबकलो.

१९३२ चा वसंत

१ मार्च १९३२ च्या रात्री न्यू जर्सीतील होपवेल येथील त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरून, शिडी लावून, त्यांचा वीस महिन्यांचा मुलगा कोणीतरी पळवून नेला. खंडणीची चिठ्ठी खिडकीजवळ ठेवलेली होती. २ एप्रिलला पन्नास हजार डॉलर देण्यात आले. मूल परत आले नाही. १२ मे रोजी घरापासून काही मैलांवर रस्त्याकडेच्या झाडीत त्याचे शव सापडले. मृत्यू त्याच रात्री झालेला होता.

म्हणजे नाजूक पेशींना धक्का न लावता कसे धुवावे हे सांगणारा लेख लोकांच्या हाती पडला, तेव्हा तो लिहिणारा बाप आपल्या लेकराची वाट पाहत होता. लेख अर्थातच आधी लिहिला गेला असणार. त्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही आईबाप असलेल्या कोणालाही ही तारीख वाचून पुढे जाववत नाही. एवढी कीर्ती, एवढे धाडस, आणि घरातले मूल राखता आले नाही. त्या मुलाच्या आईच्या पोटी तेव्हा दुसरे बाळ होते. ते ऑगस्टमध्ये जन्मले.

लिंडबर्ग प्रयोगशाळेत परतले. दुःखाने काहींचे हात थांबतात, काहींचे चालू राहतात. त्यांचे चालू राहिले. कॅरेल यांच्या बाजूला बसून ते पुन्हा काच, नळ्या आणि झडपा यांत गढले. पण ज्या हृदयासाठी हे सारे सुरू झाले ते वाट पाहू शकले नाही. ३ डिसेंबर १९३४ रोजी एलिझाबेथ वारली. लग्न होऊन तिला पुरती दोन वर्षेही झालेली नव्हती. लगोलग, १९३५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, मुलाच्या खुनाचा खटला चालला आणि जुनी जखम रोज वर्तमानपत्रांतून उघडी पडू लागली.

आणि त्याच एप्रिलमध्ये पंप चालला.

तो सबंध पायरेक्स काचेचा होता. एकावर एक तीन कप्पे. वरच्या तिरप्या कप्प्यात अवयव ठेवायचा, खालच्या कप्प्यात पोषक द्रव. दाबाखालील वायू ठेक्यात सोडला की द्रव नळीतून वर चढे, अवयवाच्या धमनीत शिरे आणि खाली परते. हृदयाच्या ठोक्यासारखाच ठोका. मोटर, पट्टे, फिरणारे भाग सगळे बाहेर. आत जाणारी हवा कापसातून गाळून जाई, त्यामुळे जंतूंना वाट उरली नाही. ५ एप्रिल १९३५ रोजी मांजराची थायरॉइड ग्रंथी त्यात ठेवण्यात आली. अठरा दिवसांनी ती काढली तेव्हा तिच्यातील पेशी जिवंत होत्या. शरीराबाहेर सबंध अवयव इतके दिवस जंतूंपासून दूर आणि जिवंत राहिला होता. मेहुणीच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

कॅरेल आणि लिंडबर्ग यांनी १९३८ मध्ये अवयव-संवर्धनावर एक ग्रंथ मिळून लिहिला. त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते दोघे पंपासह झळकले. १९३९ मध्ये लिंडबर्ग यांनी पेशी वाढवण्याचे एक काचपात्र रचले आणि त्यावर लेख लिहिला. पेशी जागच्या जागी राहाव्यात आणि पुष्कळ पोषक द्रव त्यांच्यावरून सावकाश फिरत राहावा, अशी त्याची योजना होती. कल्पना तीच, पेशीला हलवू नका, पाणी हलवा.

जे झाकता येत नाही

येथवर आलो की हात जोडून थांबावेसे वाटते. पण आम्ही चरित्र लिहीत आहोत, आरती नव्हे.

खटल्यानंतर बातमीदारांच्या ससेमिऱ्याला कंटाळून हे कुटुंब डिसेंबर १९३५ मध्ये इंग्लंडला गेले. तेथून लिंडबर्ग यांनी जर्मनीला अनेक फेऱ्या केल्या आणि हिटलरच्या विमानदलाने ते भारावले. १९३८ मध्ये गोअरिंगच्या हातून पदक स्वीकारले आणि ते परत केले नाही. अमेरिकेने युद्धात पडू नये म्हणून त्यांनी मोहीम उघडली. सप्टेंबर १९४१ मध्ये डे मॉइन शहरातील भाषणात तर देशाला युद्धाकडे ओढणाऱ्यांत त्यांनी ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकार यांच्याबरोबर ज्यूंचे नाव घेतले. ज्या समाजाचा युरोपात संहार चालू होता त्याच्यावरच बोट ठेवले. ही चूक तोंडातून निसटलेल्या शब्दाची नव्हती. वंशांची उच्चनीचता त्यांच्या मनात पक्की होती, आणि गुरू कॅरेल यांचे विचारही त्याच वाटेने जात. निरुपयोगी ठरवलेल्या माणसांना समाजातून काढून टाकावे, असे कॅरेल उघड लिहीत.

एका तांबड्या पेशीला ओरखडा जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षे झटणारी ही दोन माणसे, आणि माणसांविषयी मात्र हृदय इतके कठोर! जे नको ते काढून टाका हे सूत्र विमानाला आणि काचेच्या नळीला लागू केले तर त्यातून प्राण वाचतात. तेच माणसांना लावले तर काय होते ते त्या दशकाने पाहिले. हाताचा हळुवारपणा आणि मनाचा हळुवारपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी गृहीत धरू नये, हे या चरित्रातून आम्ही शिकलो.

युद्ध सुरू झाल्यावर त्यांना पुन्हा सैन्यात घेतले गेले नाही. तरीही प्रशांत महासागराच्या आघाडीवर नागरिक म्हणून जाऊन त्यांनी सुमारे पन्नास मोहिमांत भाग घेतला आणि तरुण वैमानिकांना कमी इंधनात लांब उडण्याची युक्ती शिकवली. कॅरेल नोव्हेंबर १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारले. लिंडबर्ग यांच्या अटलांटिक उड्डाणावरील आत्मकथनाला १९५४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. उत्तरायुष्यात ते देवमासे आणि अरण्ये वाचवण्याच्या कामात रमले. यंत्रांचा हा भक्त शेवटी यंत्रांनी पृथ्वीचे काय चालवले आहे या चिंतेत पडला होता. त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, २००३ मध्ये, युरोपात त्यांचे आणखी संसार होते हेही उघड झाले. एवढ्या गाजलेल्या आयुष्यातही इतके झाकलेले होते.

आपल्या देशाशीही त्यांचा एक धागा आहे. १९३७ मध्ये पती-पत्नी एका छोट्या विमानाने हिंदुस्थानात आले होते. रामकृष्ण परमहंसांच्या जन्मशताब्दीनिमित्त कलकत्त्यात भरलेल्या सर्वधर्म परिषदेला ते हजर राहिले. सर्व धर्मांतील एकच सत्य सांगणाऱ्या त्या मेळाव्यातून ते काय घेऊन गेले, असा प्रश्न त्यांची पुढची चार-पाच वर्षे पाहता मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुढचे हात

हृदय थांबवून रक्त फिरवणारा पंप अखेर दुसऱ्या हातून झाला. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील डॉ. जॉन गिबन यांनी आपल्या यंत्राच्या साहाय्याने अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र बंद केले. त्याआधीच, १९४८ च्या सुमारास, अरुंद झालेली झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागल्या होत्या. एलिझाबेथ वीस वर्षे उशिरा जन्मली असती तर! असे जर-तर प्रत्येक घराच्या इतिहासात असतात.

पेशी तरंगत ठेवून धुण्याची कल्पनाही वाया गेली नाही. १९४८ मध्ये स्वीडनच्या लिंडाल या शास्त्रज्ञाने उलट प्रवाहाच्या फिरत्या यंत्राला पुढचे रूप दिले. १९७० च्या दशकात अशी यंत्रे बाजारात मिळू लागली. आज कर्करोगावरील काही उपचारांत रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, बदलून, धुवून त्याला परत देतात. त्या धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही यंत्रांत हेच तत्त्व आहे, फिरण्याचा जोर एकीकडे आणि प्रवाह दुसरीकडे. प्रत्येक रक्तपेढीतील यंत्र लिंडबर्ग यांचेच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण वाट दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते.

साठीच्या उंबरठ्यावरून पुढे गेल्यावर लिंडबर्ग पुन्हा प्रयोगशाळेत आले. तरुण संशोधकांबरोबर बसून त्यांनी जुन्या पंपाचा नवा अवतार बनवला, त्यावरील लेख १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७४ मध्ये कर्करोगाने अंत जवळ आला तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कचे इस्पितळ सोडले आणि हवाई बेटांतील माउई येथे आले. आपल्या दफनाची तयारी स्वतः सांगितली. २६ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. समुद्राकाठच्या एका लहान चर्चच्या आवारात त्यांची साधी कबर आहे.

या चरित्रातील माणसाला मखरात बसवावे असे आम्ही सांगत नाही. मखरात बसवायला आपल्याकडे गणराय आहेत. माणसाचे जे घेण्याजोगे ते घ्यावे, जे टाकण्याजोगे ते ओळखून टाकावे आणि दोन्ही मुलांपासून लपवू नये, एवढेच आमचे म्हणणे. घेण्याजोगे असे, की घरातल्या एका आजारी माणसासाठी विचारलेला साधा प्रश्न त्यांनी सोडला नाही. ज्याच्यासाठी विचारला ते माणूस गेले तरीही सोडला नाही. त्या प्रश्नातून निघालेल्या कामाचा लाभ आज जगाच्या कुठल्या कोपऱ्यातील, नाव ठाऊक नसलेल्या रुग्णाला होतो.

यंदाच्या शिबिरात ती चिमुरडी पुन्हा येईलच. तिला आमचे उत्तर असे, की होय बाळ, पेशी फुटतात, जोराने धुतल्या तर. म्हणून त्यांना तळाशी दाबू द्यायचे नाही, अधांतरी झेलून धरायचे आणि पाणी त्यांच्या अंगावरून हलकेच जाऊ द्यायचे. अनंत चतुर्दशीला शाडूची मूर्ती पाण्यात सोडताना तिला धक्का लागू नये म्हणून आपण सगळे आपोआप हात सावकाश करतो. तसाच हात पेशीवर हवा. आणि शक्य तर तसाच माणसांवरही.

शिबिराला सर्वांनी यावे, ही विनंती. गणपती बाप्पा मोरया!